घसारा, दुरुस्ती आणि एक लष्करी जीप

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या मनात पहिल्याच वर्षी ज्या संकल्पना कायमच्या रुजतात, त्यांत घसारा ही एक होय. यंत्र विकत घेतले की त्याची झीज सुरू होते आणि त्या झिजेचे मोल दरवर्षी जमाखर्चात दाखवावे लागते, एवढेच तिचे सार. मोटारगाडीसाठी आयकर नियमांतील सर्वसाधारण दर १५ टक्के आहे. घटत्या शिलकेच्या पद्धतीने हिशेब केला, तर १,००,००० रुपयांची गाडी १० वर्षांनी वहीत १९,६८७ रुपयांची आणि २० वर्षांनी ३,८७६ रुपयांची उरते. नोकरीच्या काळात अशी कोष्टके मी असंख्य तपासली. तथापि घसारा हा हिशेबनिसाने ठरविलेला संकेत आहे. प्रत्यक्ष यंत्र किती झिजले आणि त्यातील किती झीज भरून काढता येईल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

वहीत केव्हाच संपलेली आणि रस्त्यावर मात्र अजून उभी असलेली वस्तू पाहावयाची असेल, तर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीप पाहावी. ऐंशी वर्षांपूर्वीच्या या गाड्या आजही चालतात. त्या का चालतात, याचा विचार केला असता दुरुस्ती या विषयाकडे पाहण्याची एक शिस्त हाती लागते. तीच आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या टेहळणी वाहनासाठी १३५ उत्पादकांकडे विचारणा केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने, कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने, २३ सप्टेंबर १९४० रोजी तो नमुना लष्कराच्या हवाली केला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्याही स्पर्धेत उतरल्या. विलिसचे इंजिन सर्वांत जोमदार ठरले आणि विलिसचाच आराखडा प्रमाण मानला गेला. तेवढ्याने गरज भागेना, म्हणून फोर्डनेही त्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनवाव्यात असे ठरले. विलिसची गाडी ‘एम.बी.’, फोर्डची ‘जी.पी.डब्ल्यू.’. दोन्ही मिळून सुमारे ६,४०,००० जीप युद्धकाळात बाहेर पडल्या.

दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या गाडीत बसला पाहिजे, अशी अट होती. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटविले. परंतु माप एकच राहिले. रणभूमीवर दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करता येई, ती त्यामुळेच. या गाडीचे पुढचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवता येतात आणि त्यांचा उजेड इंजिनावर पाडता येतो. रात्री रस्त्यात दुरुस्ती करावी लागणार, हे आराखडा काढणाऱ्याने गृहीतच धरले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये निघालेल्या ‘टी.एम. ९-८०३’ या लष्करी पुस्तिकेत गाडी निघण्यापूर्वी, चालताना, थांबल्यावर आणि काम संपल्यावर चालकाने काय पाहावे, याच्या याद्या आहेत. १,००० आणि ६,००० मैलांनंतर कारागिरांनी काय तपासावे, तेही क्रमवार दिले आहे. बिघाड होण्याची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी पाहणी करावयाची, हे त्या पुस्तिकेचे मूळ सूत्र.

युद्ध संपल्यावर लष्कराने नको असलेली वाहने ‘डिस्पोजल’मध्ये विकली. आपल्याकडे अनेक जीप अशाच शेतकऱ्यांच्या, कंत्राटदारांच्या आणि वनखात्याच्या दारी आल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रा अँड महिंद्राने मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जोडणी सुरू केली. ‘सी.जे.-३बी’ हे नागरी रूप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले, तरी आपल्याकडे पुढेही कित्येक वर्षे निघत राहिले. सगळेच भाग लष्करी जीपला जुळतात असे नाही. गिअरबॉक्स वेगळी, इंजिनाचा वरचा भाग वेगळा. परंतु या घराण्याची गाडी ओळखणारे हात आपल्या गावोगावी तयार झाले, ते त्या उत्पादनामुळे.

शिरोळ तालुक्यातील माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या घरी अशी एक जीप आहे. त्यांना सारे गाव अण्णा म्हणते. त्यांच्या वडिलांनी ती पन्नासच्या दशकात डिस्पोजलमधून घेतली. गेली काही वर्षे ती गोठ्याशेजारच्या छपरात उभी होती. घरात तिच्याविषयी तीन मते होती. थोरल्या चिरंजिवांकडे शहरातील एका संग्राहकाची मागणी आली होती, त्यामुळे ती विकावी असे त्यांचे म्हणणे. धाकट्यांना वाटे की डिझेल इंजिन बसवून ती शेताच्या कामाला लावावी. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या नातीचा आग्रह, की ती आहे तशीच चालू करावी. शिवाय एका गॅरेजने पूर्ण इंजिन उतरवून, बोअर करून, सगळे नवे घालावे लागेल असे सांगून मोठा खर्च काढून दिला होता.

अण्णा मला म्हणाले, “मॅनेजरसाहेब, आयुष्यभर तारणाची किंमत काढलीत. आता हिची काढून द्या बघू.”

तारणाची किंमत काढण्याआधी तारण म्हणजे नेमके काय आहे, ते पाहावे लागते. आमच्या पेशातील हा पहिला धडा येथेही उपयोगी पडला. आपल्याकडे सपाट मडगार्डची प्रत्येक जुनी जीप ‘महायुद्धातील’ म्हणून सांगितली जाते. खरी लष्करी जीप ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. पुढच्या जाळीत नऊ उभ्या खाचा असतात. नागरी जीपमध्ये सात. दिवे जाळीच्या मागे आत बसवलेले असतात. मागे उघडणारे फळके नसते आणि जादा चाक मागील पत्र्यावर टांगलेले असते. रेडिएटरखालील चासीची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर विलिस, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्ड. अण्णांच्या गाडीत नळी निघाली. इंजिनावरील क्रमांक ‘एम.बी.’ने सुरू होणारा आणि तो आर.सी. पुस्तकातील क्रमांकाशी जुळणारा. कागद आणि वस्तू जुळली. बहुतेक जुन्या गाड्यांचे घोडे येथेच अडते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या जीपवर उमेदवारी केलेले एक वयोवृद्ध मिस्त्री अजून काम करतात. नातीने त्यांना गाडीने आणले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही; प्रथम ब्रेकचे पेडल दाबून पाहिले. त्यांचा कामाचा क्रम मी लिहून घेतला. तो असा : गाडी थांबते का, वळते का, वीज पोहोचते का, पेट्रोल पोहोचते का आणि सर्वांत शेवटी इंजिन किती थकले आहे.

ब्रेक पहिले, कारण या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच तेलवाहिनी आहे. एका चाकाचे सिलिंडर गळू लागले तरी चारही ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलणे हे त्यामुळे अटळ ठरले. चाके उतरवताना मिस्त्रींनी नातीला थांबवले. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. ते ठाऊक नसलेला माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावत राहतो आणि नट सुटण्याऐवजी बोल्ट तुटतो. पुस्तिका न वाचता पाना हाती घेतला, तर असे नुकसान पहिल्या दहा मिनिटांत होते.

दुसरी तक्रार पुढची चाके थरथरण्याची. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग हातातून निसटू पाहते, असे धाकटे चिरंजीव सांगत. स्टिअरिंगचा खोका बदलावा, असे एकाने सुचवले होते. मिस्त्रींनी स्वस्तापासून सुरुवात केली : टायरमधील हवा, चाकांची बेअरिंगे, टायरॉडची टोके, स्टिअरिंगचा दांडा आणि टायरॉड यांना जोडणारा मधला फिरता तुकडा, मग किंगपिनची बेअरिंगे. दोष मधल्या तुकड्यात आणि किंगपिनमध्ये सापडला. लेथवर एक बुश करून घेतले, किंगपिनचे शिम मोजून बसवले आणि थरथर थांबली. खोक्याला हात लावावा लागला नाही.

विजेची गंमत निराळी आहे. ही गाडी ६ व्होल्टची. ६० वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह लागतो, तर ६ व्होल्टवर १०. प्रवाह दुप्पट, म्हणून तारही जाड हवी आणि प्रत्येक जोड स्वच्छ हवा. आपल्याकडे मात्र दुरुस्तीच्या वेळी हाताला लागेल ती बारीक तार जोडली जाते. मग दिवे मंद जळतात, स्टार्टर कण्हतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. येथेही तसेच होते. जाड केबल घातली, चासीवरील अर्थिंगच्या जागा घासून पत्रा उघडा केला आणि त्याच जुन्या स्टार्टरने इंजिन जोमाने फिरवले.

पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तिच्यात आतून गंज धरला होता. टाकी धुऊन घेतली, गाळणी साफ केली. पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मात्र नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो आणि जुने रबर फुगून मऊ पडते. शिरोळच्या उसापासूनही इथेनॉल होते, हे ऐकून अण्णा हसले. म्हणाले, “म्हणजे आमचाच ऊस आमच्या जीपला बाधतोय म्हणायचा!” यावर उपाय साधा : टाकीत पेट्रोल साठवून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये.

आता इंजिन. चार सिलिंडरांचे, २,२०० घनसेंटिमीटरच्या घरातले, ६० अश्वशक्तीचे. व्हॉल्व्ह डोक्यावर नसून सिलिंडरच्या कडेला आहेत. पूर्ण इंजिन उघडण्यापूर्वी मिस्त्रींनी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तीन सिलिंडरांत तो जवळजवळ सारखा आला. एकात फारच कमी. मग त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजला. तेलाने दाब वाढला असता, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजावयाचे, कारण तेल ती फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला नाही. म्हणजे गळती रिंगांतून नव्हती, व्हॉल्व्हमधून होती.

हेड उतरवल्यावर तेच दिसले. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळालेला. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि टॅपेट यांत इंजिन थंड असताना ०.०१४ इंच फट ठेवावयाची असते. झिजेने व्हॉल्व्ह हळूहळू खाली बसतो आणि ती फट कमी होत जाते. ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तापलेला वायू त्या चिरेतून सुटतो आणि धातू जळतो. फटीत एक पातळ पट्टी सरकवून पाहणे, एवढीच ही तपासणी. ती शेवटची केव्हा झाली, हे घरात कोणालाही सांगता आले नाही. एक व्हॉल्व्ह नवा घातला, सर्व आठ घासून बसवले, हेडखालचे पॅकिंग बदलले. बोअरिंग नाही, नवे पिस्टन नाहीत. गॅरेजने काढलेल्या खर्चाचा फार थोडा भाग पुरला.

वाचकहो, या लेखाचे सार याच ठिकाणी आहे, असे मला वाटते. जुन्या वस्तूबाबत आपण दोन टोकांना जातो. एक तर ती भंगारात काढतो, नाही तर उत्साहाच्या भरात तिच्यातील सारे बदलून टाकतो. दोन्ही निर्णय मोजमापाशिवाय घेतलेले असतात. बँकेत एखादा उद्योग अडचणीत आला की, प्रथम कोणते खाते गळते आहे ते शोधावे लागे. सरसकट नवे कर्ज देणे किंवा सरसकट कर्ज परत मागणे, या दोहोंनीही तगू शकणारे उद्योग बुडालेले आहेत.

राहिला डिझेलचा प्रश्न. धाकट्या चिरंजिवांचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. आपल्याकडील हजारो जुन्या जीपना डिझेल इंजिने बसली आणि त्यामुळेच त्या पुढे कामाला आल्या. परंतु ते करताना इंजिनाचे आधार बदलावे लागतात, चासीवर कापणे-जोडणे येते आणि परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले, व्यापारी वापराचे नसलेले आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल न केलेले वाहन त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अट अशी की, ते वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, पुरातन वाहनांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच त्याला मुभा आहे.

म्हणजे निवड स्पष्ट होती. शेतावर राबवावयाची असेल, तर हा मार्ग तिचा नव्हे. जपावयाची असेल, तर इंजिन बदलता कामा नये. मी अण्णांना किमतीचा एकच आकडा देण्याऐवजी तीन रकाने करून दिले : विकल्यास काय मिळेल आणि काय जाईल, बदलल्यास काय, राखल्यास काय. तिसऱ्या रकान्यात दरवर्षीचा खर्च आणि त्यासाठी लागणारे तासही लिहिले, कारण वस्तू राखण्याचा निर्णय भावनेने होतो आणि पुढे वेळेअभावी मोडतो. अण्णांनी तो कागद दोन दिवस जवळ ठेवला. मग सर्वांना बसवून म्हणाले, “जी वस्तू सांभाळायला घरात माणूस आहे, ती विकू नये. ज्या दिवशी माणूस नसेल, त्या दिवशी सांभाळणाऱ्याला द्यावी.” धाकट्यांनी शेतासाठी जुना पिकअप घेतला. थोरल्यांनी संग्राहकाला नकार कळवला, तोही नाव-पत्ता जपून ठेवून.

नातीने एक वही घातली आहे. तारीख, मैलांचा आकडा, काय पाहिले, मोजमाप काय आले, काय बदलले आणि कोणी केले, असे सहा रकाने. ‘ठीक आहे’ असा शेरा तिच्यात चालत नाही. आकडा लिहावा लागतो. स्पार्क प्लगची फट ०.०३० इंच, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची ०.०२०, टॅपेटची ०.०१४. तेलातून हवा गाळणाऱ्या फिल्टरमधील तेल बदलल्याची तारीख. ग्रीसच्या प्रत्येक निपलसमोर खूण. पुढच्या चाकांना शक्ती देणारा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकावयाचा नाही, कारण वळताना पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि त्याचा ताण गिअरांवर येतो, ही सूचना तिने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे. मिस्त्री महिन्यातून एकदा येतात. कानाने ओळखावयाच्या गोष्टी त्यांच्यापाशी आहेत. त्या वहीत उतरत नाहीत, तोवर त्या केव्हाही नाहीशा होऊ शकतात, हे ती जाणून आहे. म्हणून ते बोलतात आणि ती लिहिते.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारी लष्करी जीप असेल. परंतु विहिरीवरची मोटर, आजीचे शिलाई यंत्र, दुकानातील वजनकाटा, वीस वर्षांची स्कूटर यांपैकी काही ना काही प्रत्येक घरी असते. त्यातील एका वस्तूसाठी या महिन्यात एक वही घालावी. पहिल्या पानावर ती कधी घेतली आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली ते लिहावे. आठवत नसेल, तर तेथे रिकामी ओळ सोडावी आणि खालच्या ओळीवर आजची तारीख घालावी. पुढचा कारागीर दारात येईल, तेव्हा त्याच्या हाती प्रथम ती वही द्यावी आणि त्याने काय केले ते त्याच्याकडूनच तीत लिहून घ्यावे.